घटपर्णीची वाफ

धारूरच्या डोंगरावर थंडी उतरली की परसातली पपईसुद्धा काळी पडते. म्हणून नर्सरीवाल्यानं शाहीनला रोप देतानाच बजावलं होतं, "बाई, ही किडे खाणारी घटपर्णी गरम, दमट मुलखातली हाय. आपला हिवाळा तिला झेपणार न्हाई."

"बघते कशी झेपत न्हाई," म्हणत शाहीननं कुंडी मुद्दाम उघड्या गच्चीवर ठेवली.

पेरूचा गाडा लावण्याआधी ती रोज वर जायची. आजारी लेकराला दुवा पढून फुंकतात, तशी पानांच्या टोकांना लोंबणाऱ्या एकेका सुरईत फुंकर घालायची. गल्लीतल्या पपया करपल्या. घटपर्णी मात्र तरारली.

मग एका सकाळी सुरयांच्या तोंडांतून वाफ येताना दिसली. शाहीननं एकीत बोट बुडवलं. आतलं पाणी अंगाइतकं कोमट होतं.

तिची सासू आमिनाबी शाल गुंडाळून जिना चढून आली आणि कुंडी बघून जागीच थबकली. "फेकून दे ते," ती म्हणाली. बोलताना तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली.

"कावून फेकू, अम्मी? सगळे म्हणत हुते मरंल. जगवून दाखवलं की न्हाई मी?"

आमिनाबीची नजर कुंडीवरून सुनेच्या तोंडावर आली आणि तिथंच खिळली.

"शाहीन, तुझ्या तोंडातून वाफ कावून निघंना?"

शाहीननं ओठांसमोर तळहात धरून श्वास सोडला. हाताला काहीच लागलं नाही. तिनं हात खाली घेतला आणि मान ताठ केली.

"तरीबी न्हाई फेकणार," ती म्हणाली, आणि तिच्या एकेका शब्दाला कुंडीतल्या साऱ्या सुरया वाफाळल्या.