वरातीच्या गाड्यांचा नंबर

कायद्यापुढे सगळ्या गाड्या सारख्याच असतात. वरातीच्या सोडून. ओश शहरात त्यांच्या नंबरपाट्यांवर भरतकामाची फडकी बांधतात आणि पोलीस मिठाई खाऊन वाट देतात.

या वरातीच्या फडक्यांतून मात्र रक्त ठिबकत होतं. हवालदार साग्यनने पहिलं फडकं ओढलं. चेपलेली पाटी, तिला चिकटलेले लांब केस, आणि नंबर त्याच्या स्वतःच्या गाडीचा.

दुसऱ्या गाडीवरही तोच.

"हवालदारसाहेब, नवरी न्यायला निघालोय, अडवता काय!" ड्रायव्हर हसला.

साग्यनने घाईघाईने घरी फोन लावला. "पोरगी कुठंय?"

"आत्ताच तुमची गाडी घेऊन गेली की," बायको म्हणाली.

तेवढ्यात वळणापलीकडे लोखंड कडकड आवाज करत चेपलं.

नंबर झाकणं हा तसा किरकोळ गुन्हा आहे.