एन्कार्नामावशीची परवानगी

आउरेलियोने दार वाजवलं आणि लगेच त्याला वाटलं, आल्या पावली परत फिरावं. पण तोवर आतून एन्कार्नामावशीने ‘ये’ म्हटलं होतं.

मावशी काळ्या कपड्यांत टेबलाशी बसली होती. खिडकी बंद, टीव्हीवर चादर. गाणारा पक्षी घरात नको म्हणून कॅनरीसुद्धा बहिणीकडे धाडलेला. हिवाळ्यात तिचा नवरा एमिलियो गेला. सेव्हिलच्या कडेच्या या वस्तीतला तो सगळ्यात जुना गिटारवाला. आम्हा हितानोंच्यात, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सींच्यात, दुखवट्याच्या घरी गाणंबजावणं बंद असतं आणि शेजारीपाजारीही अदब राखतात. ती आमच्या इमारतीने जरा जास्तच राखली. ज्या जिन्यात पोरं चालायच्या आधी टाळ्यांचा ठेका शिकतात, तिथे लोक कुजबुजत बोलायला लागले. गाडीवाले कोपऱ्यावरच गाणी बंद करत.

आणि आता रविवारी आउरेलियोच्या लेकीचं, सारायचं लग्न होतं. टाळ्या आणि गाण्याशिवाय आमच्यात लग्न लागतच नाही. मुलाकडचे म्हणत होते, आमच्याकडे उरकून घेऊ. साराय मात्र अडून बसली होती, लग्न करीन तर याच अंगणात. आउरेलियोला बायकोने बजावलं होतं की म्हातारी भिडेपोटी हो म्हणेल आणि मागे रडत बसेल, तू विचारूच नकोस. लेकीसाठी तो तरीही आला होता.

“मावशी, रविवारी खाली टाळ्या वाजल्या तर चालेल का? नाही म्हणालात तरी राग नाही.”

मावशीचे डोळे भरून आले. आउरेलियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं माझं, आम्ही मुलाकडे जाऊ, असं पुटपुटत तो दाराकडे वळला.

“थांब,” मावशी म्हणाली. उठून तिने खिडकी सताड उघडली. “वाजवा. आणि चांगल्या जोरात वाजवा, मला वर ऐकू आलं पाहिजे.”

आउरेलियोचा जीव भांड्यात पडला. तरी बायकोचं बोलणं डोक्यात होतंच. त्याने भीत भीत विचारलं, हे मनापासून ना, की आमच्यासाठी म्हणून?

“अरे वेड्या, दुखवटा माझा,” मावशी डोळे पुसत म्हणाली. “आता गा म्हणून मी आपल्या तोंडाने कसं सांगणार? ईस्टरपासून रोज दाराकडे कान लावून बसलेय, आज तरी कुणी विचारायला येईल म्हणून.”