तिसऱ्या भागापासून

"नाही, ती गोष्ट सांगायची नाही," तेजल म्हणाली.

पडद्यामागे गौरवने माईक खाली घेतला. लोणावळ्यातल्या या सभागृहात सूत्रसंचालन त्याचंच असायचं. "अहो, मूनलाइट सोनाटा वाजवणार आणि ती गोष्ट नको? बीथोवनला झोपडीत आंधळी मुलगी भेटते. तिला चांदणं दिसत नाही, म्हणून तो ते सुरांतून दाखवतो. लोक रडतील! खंडाळ्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पुढेच बसल्यात. त्यांना संगीतशिक्षिका हवी आहे. त्यांचं मन द्रवलं, की नोकरी तुमचीच."

"ती गोष्ट कुणीतरी मागाहून रचलेली आहे. मूनलाइट हे नावसुद्धा बीथोवन गेल्यावर पडलं. तुम्ही फक्त माझं नाव सांगा."

"सांगू दे की गं," तिची आई नंदाबाई कळवळून म्हणाली. "कुनी कामावर घेत न्हाई तुला. तुजंच भलं हुईल."

तेजल वराळ्याची. जन्मापासून दृष्टी नाही. नंदाबाई खंडाळ्याच्या एका बंगल्यात स्वयंपाक करायची. तिथल्या मालकीणबाईंनी तेजलला पियानो शिकवला. स्वरलिपीची एकेक ओळ ब्रेलच्या ठिपक्यांवरून चाचपून तेजलने बोटं सुजेपर्यंत घोटली. पण शाळांच्या मुलाखतींत सगळे एकच विचारायचे, मुलांना कसं सांभाळणार? वाजवून दाखवा, असं कुणी म्हणालं नाही.

गौरव "बरं" म्हणाला, आणि मंचावर जाऊन त्याने ती गोष्ट सांगितलीच. शेवटी आवाज कापरा करून म्हणाला, "आज तशीच एक मुलगी आपल्यासमोर येते आहे."

सभागृहात च्च च्च झालं. आईचा हात धरून तेजल पियानोपाशी आली, बसली. सोनाटाच्या तीन भागांपैकी सगळ्यांच्या ओळखीचा तो संथ, उदास पहिला भाग ऐकायला लोक गहिवरून तयार होते. पुढच्या रांगेत कुणीतरी आत्ताच नाक ओढलं.

तेजलचा जबडा आवळला गेला. तिने पहिला भाग सोडला, दुसराही सोडला, आणि थेट तिसऱ्याला हात घातला. खर्जातून सूर उसळले, वर धावत गेले आणि टोकाला दोन घाव बसले. पुन्हा उसळले. त्यात चांदणं कुठेच नव्हतं. होतं ते वादळ.

संपलं तेव्हा तिची पाठ घामाने भिजली होती. मग धडाधड खुर्च्या सरकल्या, टाळ्यांवर टाळ्या पडल्या.

मुख्याध्यापिका शुभदाबाई मंचावर आल्या. "पहिला भाग का नाही वाजवलात?" आवाज करडा होता. "सगळे त्याचीच वाट बघत होते."

नंदाबाईने लेकीचा दंड घट्ट धरला.

"तो सोपा आहे, मॅडम," तेजल म्हणाली. "तो पुढच्या वर्षी तुमच्या शाळेतली मुलं वाजवतील."

शुभदाबाईंनी पर्समधून डायरी काढली.

"मग तुम्ही सोमवारी येण्याआधी शाळेतला पियानो सुरात लावून घ्यायला हवा," त्या म्हणाल्या.