गोठ्यातला मानसिंग

"पाय आत टाकलास तर तंगडी मोडीन," लालासाहेब म्हणाला आणि गोठ्याच्या दारात कुऱ्हाडीचा दांडा आडवा धरून उभा राहिला.

शालूबाई थांबली, पण मागं सरली नाही. हा तिचा सख्खा थोरला भाऊ. तरुणपणी विधवा झाल्यावर ती मिरजेला मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकली आणि पुढं पुण्यात वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला लागली, तेव्हा यानंच तिच्या नावानं आंघोळ केली होती. मेढ्याच्या वरचं हे गाव तिला तेव्हापासून बंद होतं.

नोकरी संपली, तरी ती घरी बसली नाही. जतपासून जावळीपर्यंत मिळेल त्या मोटारीनं, नाहीतर पायी हिंडायची. कुणाला खांबाला बांधलंय, कुणाला देवऋषी मिरच्यांची धुरी देतोय, असं कानावर आलं की ती त्या दारात जाऊन उभी राहायची. भांडायची, कुलूप काढायला लावायची आणि माणसाला घेऊन पुण्याची वाट धरायची. लोकांनी तिच्यावर कुत्री सोडली होती. 'येड्यांची बाई' हेच तिचं नाव पडलं होतं.

आज सकाळी मेढ्याच्या बाजारात तिला कळलं होतं, की ब्रह्मदेशातल्या लढाईवरनं परत आलेला तिचा भाचा मानसिंग गोठ्यात साखळदंडात आहे. बांधलंय बापानंच. बायको पोरीला घेऊन माहेरी निघून गेली होती.

"किल्ली दे, दादा," शालूबाई म्हणाली.

"मी कुणाचा दादा न्हाई. आमच्या घरात कुणी येडं बी न्हाई. चल, नीघ."

"मग गोठ्यात साखळी कशाची वाजती?"

एव्हाना अंगणात निम्मं गाव जमलं होतं. कुणीतरी मागनं शेणाचा गोळा फेकला. तो शालूबाईच्या पांढऱ्या पातळावर बसला आणि बाया फिदीफिदी हसल्या. शेजारचा नाथाजी पुढं झाला.

"बाई, येड्यात ऱ्हाऊन तुमचंबी डोस्कं फिरलंय. पर एक खरं हाय," तो लालासाहेबाकडं वळला, "जनावरालाबी कुणी असं बांधत न्हाई, गड्या. पोटचं पोरगं हाय तुझं."

लालासाहेबाच्या मानेची शीर फुगली. पण तो दारातनं हलला नाही.

शालूबाईला ही माणसं पाठ होती. घराण्याच्या अब्रूपायी असले बाप लेकरांना अंधारात कुजू देत होते. तिचा आवाज चढला.

"ऐका समद्यांनी! लढाईत गोऱ्या सायबासाठी यानं लेक दिला. परत आला तवा त्याच्या पायात बेडी घातली. असला बाप मी उभ्या जन्मात बघितला न्हाई! कसाई परवडला, दादा. कसाई एका घावात मोकळं करतो."

घराच्या दारामागं उभी असलेली वहिनी, अंबूबाई, तोंडात पदर कोंबून रडू लागली. तेवढ्यात गोठ्यातनं आवाज आला. आरडाओरडा नव्हता. शांत, थकलेला आवाज होता.

"आबा, आत्तीला आत येऊ द्या."

लालासाहेबानं कनवटीची किल्ली काढली आणि बहिणीच्या पायाशी फेकली.

आत म्हशीच्या गव्हाणीपलीकडं मानसिंग बसला होता. शालूबाईनं असे गोठे पुष्कळ पाहिले होते. घाण, उष्टी भाकरी, पायाला चिघळलेल्या जखमा. इथं जमीन सारवलेली होती. मानसिंगची दाढी केलेली होती, अंगात धुतलेला सदरा होता. पायाला साखळीखाली मऊ धडपं गुंडाळलेलं होतं. आणि साखळी पोचणार नाही एवढ्या अंतरावर दुसरी एक वाकळ अंथरलेली होती. उशाला लालासाहेबाचा पटका होता.

तिनं कुलूप काढलं. साखळी खाली पडली. मानसिंगनं ती उचलली आणि पुन्हा पायाभोवती घेतली.

"लाव, आत्ती."

"का रं?"

"आबांनी न्हाई बांधलं मला. मी बांधून घेतलंय." तो खाली बघत बोलत होता. "झोपंत मला जपानी दिसत्यात. त्या दिवशी जाग आली, तर माझ्या हातात पोरीचा गळा हुता. आईनं बोटं सोडवली. पोरगी वाचली. मग मी आबांना देवाची आण घातली. रडलो, शिव्या दिल्या, तरी सोडायचं न्हाई म्हणून."

शालूबाई त्याच्यासमोर खाली बसली. इतक्या दारांत ती भांडली होती, पण तिनं आज आत येण्याआधी काही विचारलंच नव्हतं. तिनं त्याच्या हातातनं साखळी घेतली आणि बाजूला सारली.

"लढाईवरनं आल्यालं असं लय जण मी सांभाळल्यात. उद्या पुण्याला जायचं. माझ्याबरोबर, साखळीबिगर. आता झोप. मी जागी हाय. झोपंत उठलास तर लांबनंच नावानं हाक मारीन."

भरदुपारी तो तिच्यासमोर झोपला. श्वास संथ झाला, तशी ती बाहेर आली. लोक पांगले होते. लालासाहेब जोत्यावर एकटाच बसला होता.

"दादा, मला सांगायचं तरी हुतंस. गावासमोर मी तुला न्हाई न्हाई ते बोलले."

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. आवाज मात्र खाली आला.

"तू बोल, गाव बोलू दे. पर ती पोर उद्या मोठी व्हईल, शालू. बापानं आपला गळा धरला हुता, हे तिला कुणाच्या तोंडनं कळाय नको."