दात वगळून

"आता दातांचं विचारते," विमा कंपनीतली बाई फोनवर म्हणाली. "मांजर कडक खाणं खातं का?"

"सध्या काहीच खात नाही," लेक म्हणाली. फोन स्पीकरवर टाकून तिनं ओट्यावर ठेवला होता आणि डोकं भिंतीला टेकवलं होतं. "आमची आई गेली गेल्या आठवड्यात. मांजर तिचं. मन लागत नाहीये त्याचं."

सकाळपासून फोनच चालले होते. बँक, वीज, आईचं सिमकार्ड. प्रत्येकाला आधी आई गेल्याचं सांगायचं, पलीकडचं 'अरेरे' ऐकून घ्यायचं आणि मग खाते क्रमांक. हा एकच फोन जिवंत जिवासाठी होता. दादानं बजावलं होतं, म्हातारं मांजर म्हणजे बारा दुखणी. विमा काढ आणि दातांसकट काढ, दातांचा खर्च डोळे पांढरे करतो.

बाईसाहेब खुर्चीखाली बसल्या होत्या. मांजराचं हे नाव आईनंच ठेवलेलं. पुढ्यातल्या वाटीत दाणे तसेच होते. वास घ्यायचा, एखादा दाणा उचलायचा, टाकून द्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. थोडं दूध चाटत तेवढंच. भेटायला आलेली माणसं ते बघून डोळे पुसत. "मुक्या जिवाला कळतं हो," म्हणत. लेकीला ते ऐकून बरं वाटे. ती आणि बाबा कागदपत्रांतच बुडालेले. घरात निदान कुणीतरी नीट शोक करत होतं.

"पण त्याआधी खायचं ना, कडक?"

"हो. हेच दाणे. आईनं मोठी पिशवी आणून ठेवलीय."

"कडक कुठले?" टेबलापाशी पेपर घेऊन बसलेले बाबा म्हणाले. "ती कोमट पाण्यात भिजवायची आणि बोटानं कुस्करून द्यायची. वर्ष झालं असेल. एक बाजू दुखते म्हणायची हिची."

लेकीनं फोनवर हात ठेवला. "बाबा! मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू भिजवतेस." बाबांनी पेपर खाली ठेवला. "आणि सगळे म्हणत होते शोक आहे. मी म्हटलं, असेल."

"मॅडम," हाताखालून आवाज आला, "मला ऐकू येतंय."

लेकीनं हात काढला.

"वर्षभराचं दुखणं म्हणजे आधीपासूनचं धरतात. मग विमा मिळेल, पण दात वगळून."

"दात वगळून मांजरात उरतं काय?" बाबा म्हणाले.

"बाकी सगळं मिळतं काका. अपघात, मूत्रपिंड..." बाईनं आवाज उतरवला. "डॉक्टरांनी काही लिहून दिलंय का दातांबद्दल?"

"दाखवलंच नाही."

"मग 'तक्रार नाही' असं टाकू का? सुरुवातीचे काही महिने थांबावं लागेल, त्यानंतर दात काढायचा खर्च मिळेल. तुम्ही सांगाल ते टाकते."

हो म्हणणं सोपं होतं. सकाळपासून ती सगळ्यांना हो म्हणत आली होती. बाईसाहेबांनी वाटीतला एक दाणा तोंडात घेतला, मान वाकडी केली आणि तो फरशीवर टाकला.

"नको," लेक म्हणाली. "तक्रार होती. आईला ठाऊक होती. विमा राहू द्या. संध्याकाळी दवाखाना उघडला की नेते हिला."

"तेच बरं," बाई म्हणाली. मग जरा थांबून, "तुम्हीही जेवत जा, मॅडम."

लेकीनं पाणी कोमट केलं.

"एवढं नको गं, बुडतील इतकंच," मागून बाबा म्हणाले. दाणे फुगायला वेळ लागला. तिनं ते बोटानं कुस्करले; नखात गेले. वाटी खाली ठेवली तशा बाईसाहेब उठल्या. मान एका बाजूला कलवून, डोळे मिटून, त्यांनी खायला सुरुवात केली आणि वाटी पुढे सरकत सरकत भिंतीला लागली तरी थांबल्या नाहीत.

"भूक होती गं नुसती," बाबा म्हणाले.

"हं."

आनंदच व्हायला हवा होता. दोघंही त्या चाटून लख्ख झालेल्या वाटीकडे बघत राहिले.

दार उघडंच होतं. शेजारच्या काकू चप्पल न काढता उंबऱ्यातूनच डोकावल्या. "काय हो, खाल्लं का काही बाईसाहेबांनी?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं.

"छे हो," ते म्हणाले. "अजून नाही."

लेकीनं काकूंकडे पाठ केली, वाटी उचलली आणि नळ सोडला.