तिसऱ्या रांगेतला हात

शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. मिनेसोटातल्या त्या गावात रिपब्लिकन पक्षाच्या सभेला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. निम्मेअधिक लोक यंदाच पक्षात आलेले, चर्चच्या बसमधून थेट इथे उतरलेले. डॉक्टर टॉलेफसन सगळ्यांना ओळखत होते. कित्येकांचे तर जन्मच त्यांच्या हातून झालेले.

प्रश्न एकच होता. विधानसभेत गर्भपातबंदीच्या विरोधात मत देणाऱ्या डॉक्टरांना पक्षाने पुन्हा उभं करायचं का?

डार्लीन क्यून उठली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"डॉक्टर, माझी एमी सातव्या महिन्यात झाली. मुठीएवढी. रात्र रात्र तुम्ही तिच्या काचेच्या पेटीपाशी बसलात. 'एवढासा असला तरी जीव आहे,' हे तुमचेच शब्द. मग तिकडे राजधानीत जाऊन काय झालं तुम्हाला?"

डॉक्टर सावकाश उभे राहिले.

"कायदा कडक होता तेव्हाची गोष्ट. याच गावची मुलगी. कुणाकडून तरी चोरून गर्भपात करून आली. अंगात विष भिनलं, माझ्या टेबलावर गेली. ते मला पुन्हा बघायचं नाही."

"कोण मुलगी?" मागून कुणी ओरडलं. "नाव सांगा की!"

तिसऱ्या रांगेत ऑर्विल ब्रँडव्होल्ड बायकोशेजारी बसला होता. त्याची मान खाली गेली. डॉक्टरांनी नजर वळवली.

"नाव नाही सांगणार."

"म्हणजे मुलगीच नाही! अहो, थाप तरी नीट मारायची!"

हॉल हसला. ऑर्विलची बायको इंगाही हसली.

मतदान झालं. डॉक्टर नकोत म्हणणाऱ्या हातांचं रान उभं राहिलं. डार्लीन एका हाताने डोळे पुसत होती, दुसरा वर होता. इंगाचा हात वर गेला. मग ऑर्विलचाही.

बाहेर डॉक्टर एकटेच गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. ऑर्विल जवळ येऊन उभा राहिला.

"इंगा शेजारी होती, डॉक्टर. आमची पोर, रूथ, न्यूमोनियाने गेली, असंच तिला अजून वाटतं."

"वाटू दे."

ऑर्विलने त्यांच्या हातातली खरवडणी घेतली आणि दुसऱ्या बाजूची काच घासायला लागला. पलीकडून इंगाने गाडीचा हॉर्न वाजवला. काच केव्हाच साफ झाली होती. तो घासतच राहिला.