मोटार कोणत्या मोसमात काढावी

"वैशाखात निघू," रुपचंद म्हणाला. "ऊन चांगलं."

"ऊन चांगलं?" यशोदाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "खान्देशातलं? टायर फुटतील, अन् आपली डोकीबी."

धुळ्याच्या देवपुरात, त्यांच्या घराच्या ओट्यावर शिमग्यापासून हेच चाललं होतं. रुपचंदने वीस वर्षं धुळे-चोपडा सर्व्हिसची मोटार हाकली. साऱ्या मुलखाला फिरवलं, पण स्वतःची बायको नशिराबादच्या माहेरापलीकडे कधी गेली नाही. सर्व्हिस बंद पडली तेव्हा मालकाने ती म्हातारी मोटार त्यालाच देऊन टाकली. त्याने बाकं उपटली, आत पलंग ठोकला, भांड्यांना फळी केली, स्टोव्हला कोपरा केला. गावाने नाव ठेवलं, चाकावरचं घर. बेत असा, की जळगाव, नशिराबाद, चोपडा करत फिरायचं आणि मग कोंडाईबारीचा घाट उतरून थेट समुद्र गाठायचा.

उन्हाचं खरं कारण मात्र त्याने पोटात ठेवलं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं, डोळ्यामागची नस सुकत चालली, फार तर वर्षभर. सावलीत त्याला रस्ता पुसट व्हायचा, पण रणरणत्या उन्हात अजून दिसायचा. दिसतंय तोवर समुद्र बघायचा होता. पण ड्रायव्हरने बायकोला कसं सांगावं, की मला रस्ता दिसत नाही? छे! जीभच रेटेना.

वैशाख वादात गेला. आषाढ लागला.

"आता काळ्या मातीत चाकं रुतून बसतील," यशोदाबाई म्हणाली. बाई काही खोटं बोलत नव्हती. मोटार भिजू नये म्हणून तिने ती नदीपलीकडे नजीर मिस्त्रीच्या छपराखाली ठेवायला लावली. आणि दुपारची भांडी झाली की स्वतःही तिकडेच जायला लागली. नजीरची बायको मदिना हिच्याकडे म्हणे शिवण शिकायला.

"या वयात शिवण?"

"घरात बसून तुमची कुरकुर ऐकू का?"

श्रावणात एका उघडिपीच्या दुपारी रुपचंद ओट्यावर बसला होता. नदीपलीकडच्या मैदानातून आवाज आला आणि तो ताडकन उठला. ती त्याचीच मोटार होती, लाखात ओळखली असती. आणि कोणी तरी तिचे गिअर असे टाकत होतं, की दात कराकरा वाजत होते.

दुसऱ्या दिवशी नजीर भेटला तसा त्याने त्याला फैलावर घेतलं. "कोण हाकतोय माझी मोटार?"

"शिकाऊ शे एक, आबा. इंजिन चालतं राहिलं पाहिजे ना."

"हाकलून दे त्या गाढवाला!"

"बसेल हात हळूहळू," नजीर म्हणाला आणि पाना शोधायला आत गेला.

रुपचंदच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जिनिंगवाला मगनशेठ कधीपासून मोटार मागत होता, कापसाच्या गठाणी वाहायला. त्याचाच माणूस चालवून बघत असणार. संध्याकाळी तांदूळ निवडणाऱ्या यशोदाबाईपुढे त्याने त्या शिकाऊचा उद्धार केला. "क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनाकडे कान द्यायचा! मोटार म्हणजे काय पाटा-वरवंटा आहे?"

"अहो, असेल बिचारा नवा," ती म्हणाली. तांदळातले तिचे हात मात्र थांबले होते.

पुढच्या पंधरवड्यात दात वाजेनासे झाले. रुपचंदला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

भाद्रपदात ती म्हणाली, पितरांच्या पंधरवड्यात कोणी घराबाहेर पडतं का? दसऱ्याला कोणी हातावर सोनं ठेवलं, ते त्याने बोटांनीच ओळखलं. दिवाळीनंतर ती म्हणाली, रस्ताभर कापसाच्या गाड्या आहेत. दिवाळीच्या पणत्या त्याला पिवळ्या डागांसारख्या दिसल्या होत्या. आता घरात त्याला बसवेना आणि बाहेर फिरवेना. एकदा तो ओरडलाच.

"तुला यायचंच नाही! सरळ सांग ना!"

"यायचं शे," ती शांतपणे म्हणाली. "मोसम येऊ द्या."

पौषात एक सरकारी पाकीट आलं. रुपचंदने त्यावरचा उठावाचा शिक्का अंगठ्याने चाचपला.

"कसला कागद?"

"मोटारीचा," म्हणत तिने तो ट्रंकेत टाकला.

"विकलीस? मगनशेठला?" त्याचा आवाज चिरकला.

"काही तरीच! उद्या सकाळी निघायचं शे. तयार राहा."

आता त्याला आनंद व्हायला हवा होता. पण पौषाच्या कोवळ्या उन्हात त्याला स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नव्हता. जी गोष्ट वर्षभर मागितली ती समोर आली आणि आता त्यालाच पळ काढायचा होता.

सकाळी नजीरने मोटार दारात आणून लावली. रुपचंदने कोट घातला, टोपी घातली. ओट्याच्या पायरीवर उभा राहून तो म्हणाला, "यशोदे, वैशाखात जाऊ. ऊन चांगलं असतं."

"आधी इकडं या," मोटारीकडून तिचा आवाज आला.

सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. स्टिअरिंगवर बसायचं आणि खरं ते सांगून टाकायचं. मडगार्ड चाचपत, दिवा चाचपत तो पुढे गेला. मूठ सापडली. उजवीकडचं दार उघडून त्याने सीटवर हात टेकला, आणि तो हात घट्ट कासोटा मारलेल्या लुगड्यावर पडला. वर स्टिअरिंगवर बांगड्या वाजल्या.

"पलीकडे बसा," यशोदाबाई म्हणाली. "खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं बघून घ्या. अन् मोसमाचं काही नव्हतं हो. मोटार मागं घेता येईना, म्हणून लायसनच्या परीक्षेच्या साहेबानं तीनदा नापास केलं माले."